गोळ्यांचं गणित, रोवणीचे दिवस

विदर्भातल्या गावांत मानसिक आजाराच्या पेशंटच्या केसेस सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यासाठी हे लिहिलं आहे. समजा, ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असते. डॉक्टर ३० दिवसांच्या गोळ्या लिहितात, खिडकीवर ३० दिवसांच्याच मिळतात, आणि पेशंटला सांगितलं जातं, पुढच्या महिन्यात याच वारी या. आता भिंतीवरचं कॅलेंडर बघा. एका दुसऱ्या मंगळवारपासून पुढच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत कधी २८ दिवस होतात, कधी ३५. ३० कधीच होत नाहीत. २०२६ सालात १० मार्च ते १४ एप्रिल, ९ जून ते १४ जुलै, ८ सप्टेंबर ते १३ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर ते १२ जानेवारी हे चार टप्पे ३५ दिवसांचे आहेत. एकही तारीख न चुकवणारा पेशंटसुद्धा या चार वेळी गोळ्यांविना राहू शकतो. आधीच्या महिन्यांत उरलेल्या दोन-दोन दिवसांच्या गोळ्या जपून ठेवल्या तर तूट एका दिवसावर येते, हे खरं. पण उरलेली पट्टी जपतं कोण? ती डब्यात ओल धरते, नाहीतर नवीन आल्या म्हणून फेकली जाते. नव्या पेशंटकडे तर शिल्लक काहीच नसते.

त्यातले दोन टप्पे कुठे पडतात तेही बघा. जून-जुलैत अमरावती-यवतमाळकडे पेरणी आणि डवरणी, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धानाची रोवणी. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. गोळी संपते त्या आठवड्यात घरातला प्रत्येक हात शेतात असतो. पेशंटला तालुक्याला घेऊन जायचं म्हणजे दोन माणसांची रोजी बुडते आणि वर एसटीचं भाडं. मग 'पुढच्या वेळी जाऊ' होतं.

त्यामुळे केस हातात आली की पहिलं काम समुपदेशनाचं नसतं. डॉक्टरांकडून ३५ दिवसांच्या गोळ्या लिहून घेणं हे पहिलं काम. रिस्पेरिडोन, म्हणजे भास-संशयाच्या आजारावरची गोळी, २ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ असेल तर ७० गोळ्या, म्हणजे दहाच्या सात पट्ट्या. सोबत तिच्या दुष्परिणामांवरची, सकाळची एक ट्रायहेक्सिफेनिडिल, जिला सगळे टीएचपी म्हणतात, तिच्या ३५, म्हणजे साडेतीन पट्ट्या. ही अर्धी पट्टी डोकेदुखी ठरते. कात्रीने कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव आणि मुदत दोन्ही राहतीलच असं नाही. पुढे कोणी विचारलं की घरचे सांगतात, 'ते बारकी पांढरी गोई'. पांढऱ्या बारक्या गोळ्या मानसोपचारात किती आहेत ते मोजायला बसू नये. चौथी पट्टी पूर्ण मागून घ्यायची.

आता गोळी सुटल्यावर काय होतं. दुसऱ्या दिवशी माणूस बिघडत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. उलट पहिले आठ-दहा दिवस तो बरा वाटतो. सुस्ती जाते, लाळ गळणं थांबतं, हात हलका होतो, शेतात जास्त काम होतं. घरच्यांची खात्री पटते की गोळ्यांनीच याला झोपवून ठेवलं होतं. मग झोप कमी होते. रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या, एकट्याशी बोलणं, जेवणावर संशय. आजार उलटायला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. तोवर गोळी कधी सुटली हे कोणाच्या लक्षात नसतं आणि कारण म्हणून अमावास्या सापडते. हे चक्र घरच्यांना आधीच, पेशंट बरा असताना, तारखांसकट समजावून सांगावं लागतं. बिघडल्यावर सांगितलं तर ते बोल लावल्यासारखं होतं.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, कर्नाटकातल्या बेल्लारीच्या प्रयोगावरून. कागदावर त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार समाजसेवक, परिचारिका, केस रजिस्ट्री असिस्टंट अशी टीम आहे. गावात मात्र पेशंटच्या घरचे ज्याला फोन करतात तो एकच माणूस असतो. त्याचं पद काहीही असो, संस्थेचा कार्यकर्ता असो की सरकारी, केस तो चालवतो. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे रजिस्टर. छापील रजिस्टरमध्ये 'भेटीची तारीख' आणि 'पुढील तारीख' असे रकाने असतात. त्यात हाताने एक रकाना वाढवायचा: 'गोळ्या संपण्याची तारीख'. रोज सकाळी तोच रकाना बघायचा. आठ दिवसांत ज्यांच्या संपणार त्यांना फोन, तीन दिवसांत संपणार त्यांच्या घरी खेप.

आणखी चार गोष्टी रजिस्टरात हव्यात. गोळी हातात देणारं माणूस कोण. ते माणूस गावाला गेलं तर कोण. शेजारच्या घरचा नंबर, कारण पेशंटच्या घरचा मोबाइल रिचार्जअभावी बंद असणं ही नेहमीची गोष्ट. आणि चौथी, जी कुठल्याच छापील फॉर्मात नसते: हे कुटुंब हंगामात कुठे जातं. गडचिरोली-चंद्रपूरकडून मिरची तोडायला तेलंगणात जातात, मेळघाटातून मजुरीला बाहेर पडतात, मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी जंगलात मुक्काम असतो. मिरचीला जाणाऱ्याला दोन महिन्यांच्या गोळ्या, औषधांची चिठ्ठी आणि तिचा मोबाइलवर फोटो लागतो. हे जाण्याच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही. मुकादम कधी येतो हे विचारून ठेवायचं.

घरभेटीत 'गोळ्या घेतो का?' असा प्रश्न विचारू नये. उत्तर 'हाव' असतं. 'गोळ्यांची पिशवी दाखवा बरं, कोणत्या संपल्या ते लिहून घेतो' म्हणायचं आणि मोजायचं. १० तारखेला ७० दिल्या, आज २४ तारीख, १४ दिवसांच्या २८ गेल्या, ४२ उरायला हव्यात. ५६ उरल्या असतील तर बहुतेक फक्त रात्रीची चालू आहे. असं बरोबर अर्ध्याने कमी भरणं सगळ्यात जास्त दिसतं, कारण गोळी 'झोपेची' आहे असा समज असतो आणि सकाळी झोपेची गोळी देऊन कामाला कसं पाठवायचं, हा घरच्यांचा प्रश्न बरोबरच आहे. त्यावर रागवायचं नाही. डॉक्टरांना सांगून पूर्ण डोस रात्रीचाच करता येतो का ते विचारायचं, बऱ्याचदा येतो. पण ४२ च्या जागी १० उरल्या तर जास्त घाबरायचं. त्या गोळ्या कुठे गेल्या ते शोधायचं. टीएचपीही मोजायची, ती नशेसाठी वापरणारेही असतात.

चहातून, भाजीतून चोरून गोळी देणं घरोघरी चालतं. आईची अगतिकता समजते, तरी ते मोडून काढावं लागतं. ज्याला आधीच वाटतंय की आपल्या जेवणात कोणी काहीतरी कालवतं, त्याला एक दिवस वरणात गोळीचा कण सापडतो आणि त्याचा संशय खरा ठरतो. मग तो घरचं जेवणच सोडतो. जो गोळी घेतच नाही त्याच्यासाठी डॉक्टरांशी बोलून तेलातलं इंजेक्शन हा मार्ग आहे. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट, २५ मिलिग्रॅम, दोन ते चार आठवड्यांनी एक. सुरुवातीला १२.५ चा डोस देऊन बघतात. औषध तिळाच्या तेलात असतं, म्हणून सुई जाड आणि कोरडी लागते, आणि दिल्यावर जागा चोळायची नसते. नेहमीच्या सवयीने कापूस घेऊन चोळणारे हात असतात, तेव्हा नर्सबाईंना आधी आठवण द्यावी. या इंजेक्शनची तारीख रजिस्टरात वेगळ्या शाईने.

आता उन्हाळा. विदर्भात केस मॅनेजमेंटचं खरं शहाणपण एप्रिल-मे मध्ये लागतं, आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात नेमका हाच धडा नसतो.

लिथियम, म्हणजे तेजी-उदासीच्या आजारावरचं औषध, घेणारा पेशंट घ्या. ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसाला दोन-तीन. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान हवी. १.५ च्या वर गेली की विषबाधेकडे वाटचाल सुरू होते. अंतर इतकं कमी आहे. पारा ४५ ला टेकलेला असताना माणूस दिवसभर नाल्याच्या कामावर किंवा तेंदूपत्त्यावर घामाने निथळतो, अंगातलं पाणी आणि मीठ जातं, मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला लागतं आणि मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं. तोच डोस, जो जानेवारीत बरोबर होता, मे मध्ये जास्त होतो. त्यात अंग दुखतं म्हणून किराणा दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली की आणखी चढतो. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते, या दोन नाहीत, हे पेशंटच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून द्यावं. ब्लडप्रेशरच्याही काही गोळ्या लिथियम वाढवतात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना हीच फाईल सोबत.

ओळखायचं कसं? बोटांची बारीक थरथर लिथियमवर असतेच. ती मोठी झाली, कप हातातून सांडायला लागला, चाल दारू प्यायल्यासारखी झाली, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब लागले, तर पुढची गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरचे म्हणतात, 'लू लागली', आणि कांद्याचा रस देतात. कांद्याच्या रसाला हरकत नाही, पण गाडी आधी बोलवा. रक्त तपासायला शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, तपासणी होईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही. हे न सांगता पाठवलेल्या पेशंटचा रिपोर्ट उगाच वाढलेला येतो, डॉक्टर डोस कमी करतात, आणि दोन महिन्यांनी तेजीचा झटका येतो. मार्चमध्ये सगळ्या लिथियमवाल्यांची एक पातळी करून घेतलेली बरी. तपासणी गावात होत नाही, नमुना जिल्ह्याला किंवा नागपूरला जातो.

दुसरा उन्हाळी घोटाळा लिथियमपुरता नाही. मानसिक आजारावरच्या बऱ्याच गोळ्या आणि टीएचपी शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी करतात. टीएचपीने घाम कमी येतो, तोंड कोरडं पडतं. अशा माणसाला दुपारी बारा ते चार उन्हात कामाला लावू नये, हे घरच्यांना आणि जमलं तर ज्याच्याकडे तो रोजीने जातो त्यालाही सांगावं. आजाराचं नाव न घेता सांगता येतं: 'त्याची गोळी उष्ण पडते.' वैद्यकशास्त्राला हे वाक्य चालणार नाही, गावाला पटतं.

आणि एक दुर्मीळ पण जीवघेणी गोष्ट. औषध नुकतंच सुरू केलं किंवा वाढवलं, आठवडा-पंधरवड्यात ताप चढला, अंग लाकडासारखं ताठ झालं, माणूस ओळखेना, घामाघूम. ताप आणि भ्रम उष्माघातातही असतो, म्हणून मे महिन्यात हे सरळ लू मध्ये खपतं. फरक हात वाकवून पाहिला की कळतो. उष्माघातात अंग सहसा ढिलं असतं, इथे कोपर वाकवताना शिशाची नळी वाकवल्यासारखं वाटतं. गोळ्या बंद करून १०८ बोलवायची आणि रुग्णालयात पहिलं वाक्य हे सांगायचं की हा माणूस मानसिक आजाराच्या अमुक गोळ्या घेतो. घरचे लाजेपोटी हे लपवतात. म्हणून शक्यतो फोनवर आपणच बोलावं.

मान वाकडी होण्याचं प्रकरणही असंच. कोणी फार आक्रमक झाला म्हणून कॅज्युअल्टीत हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं, माणूस झोपला, सकाळी घरी आला. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर चढतात, जबडा अडकतो, जीभ बाहेर येते. तरुण पोरांमध्ये जास्त. हा औषधाचा दुष्परिणाम आहे आणि प्रोमेथाझिनचं, म्हणजे फेनरगनचं, एक इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात सुटतो. पण अंगणातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. काल जो मारायला धावत होता त्याची आज मान फिरली आहे आणि बुबुळं दिसत नाहीत. कोणता बाप प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जाईल? तो भगताकडेच जाईल. भगत लिंबू उतरवतो, धूप घालतो, तीन-चार तासांत औषधाचा जोर थोडा ओसरतो, मान सैल होते. भगताचा गुण आला आणि दवाखाना कायमचा सुटला. एवढी मोठी हानी टाळायला रुग्णालयाच्या दारात दोन मिनिटं पुरतात: 'उद्या-परवा मान वाकडी झाली, डोळे चढले तर घाबरू नका. हे सुईचं आहे. केंद्रात जा, ही चिठ्ठी दाखवा.' चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि आपला नंबर.

भगताशी भांडण करून केस टिकत नाही. घरच्यांना दोन्हीपैकी एक निवडायला लावलं तर ते देव निवडतात. कोणी मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमान मंदिरात मुक्कामाला जातं, कोणी दर्ग्यावर. मग किती दिवस जाणार ते विचारून तेवढ्या गोळ्या बांधून द्याव्यात. अटी मात्र स्पष्ट ठेवाव्यात: मार नाही, साखळी नाही, मिरच्यांची धुरी नाही, निर्जळ उपास नाही (लिथियमवाल्याला तर मुळीच नाही), आणि गोळी बंद नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं-बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मानसिक आजारी माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९५ ने मनाई आहे. तामिळनाडूत एरवाडीला मानसिक आजाऱ्यांच्या आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ ला लागलेल्या आगीत २८ जण जळून गेले, कारण ते बांधलेले होते. शहाणे भगतही असतात. दोन-तीन जणांशी ओळख ठेवली तर तेच एखाद्याला 'आधी डॉक्टरले दाखव' म्हणून पाठवतात.

घरात साखळी दिसली तर पहिल्या भेटीत कायदा सांगू नका. आधी विचारा, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत. उत्तर बहुतेकदा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असतं, म्हणजे घरचे शेतात असतात तेवढा वेळ. मागे कधीतरी तो निघून गेलेला असतो, किंवा बाई असेल तर तिच्याबाबत याहून वाईट काही घडलेलं असतं. म्हणजे प्रश्न दिवसभर सोबत कोण याचा आहे. घोट्याची जखम बघायची, धनुर्वाताचं इंजेक्शन करवून घ्यायचं, औषध सुरू करवून घ्यायचं, आणि संध्याकाळचा एक तास, मग जेवणाची वेळ, मग दुपार असं सोडवत जायचं. म्हातारी आत्या, शेजारीण, कोणीतरी दुपारी बसणारं शोधायचं. महिना-दीड महिना धरून चाला.

डिप्रेशनच्या केसेस वेगळ्या. त्यात माणूस 'मला उदास वाटतं' म्हणत नाही. डोक्शात गरम होते, जीव घाबरते, अंगाला मुंग्या येतात, घोर लागला आहे, असं सांगतो आणि गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून घेतो. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली वापरतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, दहा किंवा जास्त आले तर पुढे पाठवायचं. तिच्यात 'गेल्या दोन आठवड्यांत' असा शब्दप्रयोग आहे, तो चालत नाही. 'मागच्या दोन बाजारांपासून' म्हटलं की लगेच हिशेब लागतो. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत झालेल्या 'विश्राम' प्रकल्पात, गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलायला सुरुवात केल्यावर, डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. एक ताकीद: गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मळमळ, अस्वस्थता पहिल्या आठवड्यातच येते. दहाव्या दिवशी एक फोन केला नाही तर पट्टी अर्ध्यात राहते.

नवव्या प्रश्नावर, म्हणजे मरणाच्या विचारावर, बरेच नवे कार्यकर्ते अडखळतात आणि शून्य भरून पुढे जातात. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. सरळ विचारायचं: 'जीव नकोसा होतो का? मरून जावं असं मनात येतं का? कसं, ते ठरवलं आहे का?' तिसऱ्याला हो आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एकाला विश्वासात घ्यायचं, त्याच दिवशी डॉक्टर. आणि घरातलं फवारणीचं औषध बाहेर काढायचं. हंगामात उरलेल्या बाटल्या कुठे आहेत ते विचारून भावाच्या, शेजाऱ्याच्या कुलपात जाऊ द्यायच्या, किल्ली तिसऱ्याकडे. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर बरंच अवलंबून असतं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो नुसता भिंतीवर चिकटवू नका, पेशंटच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या आणि समोर एकदा लावून दाखवा.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्याला रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत नऊ संपर्क आहेत: १, २, ४, ७ आणि ११ आठवड्यांनी, मग ४, ६, १२ आणि १८ महिन्यांनी. सगळ्या भेटी घरी व्हायलाच हव्यात असं नाही, फोन चालतो. घरच्यांना पोलिसांची धास्ती असते. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं धरतं की तो माणूस तीव्र तणावाखाली होता, आणि वेगळं सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, एवढं आधी सांगून ठेवलं की धास्तीने पेशंट पळवून नेणं थांबतं.

दारूबद्दल थोडक्यात. वर्धा १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीत आहे, मोहाची मिळतेच. रोज पिणारा माणूस पाय मोडून भरती झाला, दारू तुटली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, भिंतीवर किडे दिसतात, आणि वॉर्डातून फोन येतो, 'तुमची मेंटल केस आहे'. ती आपली नाही, आधी फिजिशियनची आहे, आणि तातडीची आहे. ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन द्यायचं असतं. हे आठवण करून दिलं तर कोणी रागावत नाही, रागावलं तर रागावू द्या.

कागदपत्रांत महिने जातात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मानसिक आजाराचं मोजमाप आयडियाज या पट्टीवर होतं: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम, प्रत्येकी ० ते ४, आणि आजाराच्या वर्षांचे १ ते ४. एकूण ७ च्या खाली ४० टक्क्यांहून कमी, म्हणजे लाभ नाही. त्यामुळे आजार किती जुना हे दाखवणारी पहिली चिठ्ठी, मग ती कितीही फाटकी असो, जपायची. प्रमाणपत्राच्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी पेशंटला नवे कपडे घालून, दाढी करून आणतात, आणि 'आता बरा हाये' असं अभिमानाने सांगतात. बरा दिवस आणि रोजचा दिवस वेगळा असतो. घरी काय काय करून द्यावं लागतं ते चार ओळींत लिहून न्यावं. प्रमाणपत्राने एसटीचं भाडं कमी होतं आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. अडकतो तो बहुतेकदा आधार आणि बँक पासबुकातल्या नावाच्या फरकामुळे. तो फरक बोर्डाच्या आधी दुरुस्त करावा, नंतर नाही.

भरतीसाठी नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. सिरोंच्याहून निघालं तर अख्खा दिवस जातो. २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ खाली भरती ३० दिवसांपर्यंत असते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटच्या वतीने निर्णय घ्यायला मदत करणाऱ्याचा, अर्ज लागतो. त्यामुळे 'तिथंच ठेवून घ्या' म्हणणाऱ्या भावाला गाडी निघण्याआधीच सांगायचं की महिन्याने न्यायला यावं लागेल. सुटी झाल्यावर सात दिवसांच्या आत घरभेट, नाहीतर रुग्णालयाची पिशवी खुंटीलाच लटकलेली सापडते.

एका माणसाने किती केसेस धराव्या? हिशेब मांडा. महिन्याचे २४ कामाचे दिवस, त्यातून ४ ओपीडीचे, २ मीटिंगचे, २ रिपोर्टचे गेले. उरले १६. अंतरं बघता दिवसाला पाच घरं खूप झाली, म्हणजे ८० भेटी. पंधरा केसेस दर आठवड्याच्या असतील तर ६० भेटी त्यांनीच खाल्ल्या. बाकी सगळ्यांसाठी २०. म्हणून दर महिन्याला यादी तीन रंगांत वाटावी लागते आणि हिरव्यातल्यांना, म्हणजे बऱ्या चाललेल्यांना, फोनवर, आशाताईंच्या भरवशावर सोडावं लागतं. आशाताईंच्या बाबतीत एक सांभाळायचं. त्या त्याच गावच्या, कित्येकदा त्याच भावकीतल्या असतात, आणि काही घरांना नेमकं त्यांनाच कळू द्यायचं नसतं. पहिल्या भेटीत विचारून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेशंटचा फोटो आणि गावाचं नाव टाकणं तर बंदच करा. 'भेट दिली' याचा पुरावा म्हणून कोणी फोटो मागत असेल तर घराच्या दाराचा काढा.

नोकरी बहुतेक ठिकाणी कंत्राटी, त्यामुळे माणसं बदलतात आणि केसेस मागे राहतात. पुढच्यासाठी प्रत्येक फाईलचं पहिलं पान कोरं ठेवून त्यावर एवढंच लिहावं: चालू औषधं डोससकट, गोळ्या संपण्याची तारीख, गोळी देणारं माणूस, कशाने बिघडला होता, बिघडताना पहिली खूण कोणती, काय बोललेलं चालत नाही. आणि खाली, घर सापडण्याची खूण. 'हनुमान मंदिरामागे, निळा दरवाजा, दुपारी चारनंतर. कुत्रं मोकळं असते, लांबूनच आवाज द्या. बहिणीचं नाव काढू नका.'